आधी तुमचं होऊ द्या

राहीबाईंनी पावाचा तुकडा पहिल्या डब्यातल्या रश्शात बुडवला, तोंडात टाकला आणि डोळे मिटले. अख्खी खोली चिडीचूप झाली. एरवी ही मंडळी कुणाच्या बापाचं ऐकणारी नव्हती.

“सुनीलचं,” त्या म्हणाल्या.

“कशावरून, राहीबाई?” वैजनाथ सरांनी विचारलं.

“ते मी सांगायची न्हाई. आना पुढचा डबा.”

श्रीरामपुरातल्या चार गाड्यांची मिसळ चार सारख्या डब्यांत आली होती. डब्यांवर नुसते आकडे. सर निवृत्त झाल्यापासून दर महिन्याला दहा-बारा खवय्यांना जमवून हा उद्योग करायचे आणि नंबर लावायचे. त्या नंबरांवरून मारामारी व्हायची तेवढी बाकी होती. म्हणून या खेपेला त्यांनी पारख करायला राहीबाईंना बोलावलं. राहीबाईंचा मसाला कुटायचा डंक होता, चाळीस वर्षांचा. गावातल्या गाड्यांचा मसाला दर शनिवारी त्यांच्याच लोखंडी मुसळाखाली कुटला जायचा. कुणाच्या मसाल्यात काय पडतं ते त्यांना पाठ होतं आणि त्यांनी ते सख्ख्या सुनेलाही सांगितलं नव्हतं. आता गंमत बघा, बाईंनी गाड्यावरची मिसळ जन्मात कधी खाल्ली नव्हती. चाळीस वर्षं नुसता वास घेतला होता.

दुसरा डबा. “रामहरीचं.”

तिसरा. “पूजाचं. लई गुनाची पोर.”

सरांनी हातातला कागद पाहिला. तिन्ही बरोबर. त्यांनी कागद खाली ठेवला आणि चक्क हात जोडले. “धन्य आहे, बाई! आम्ही इतकी वर्षं नुसतंच गिळलं.”

कुणी हसलं नाही. सगळे त्या म्हातारीच्या तोंडाकडे बघत राहिले.

दाराशी कल्याण उभा होता. चौथा डबा त्याचा. त्याचे वडील भिमाजीअण्णा होते तोवर त्यांच्या गाड्यानं पहिला नंबर सोडला नव्हता. जो खाईल त्याला वाटायचं, ही तर आपल्या आवडत्या गाड्यासारखीच लागते, पण काकणभर सरस. भिमाजी जाऊन दोन वर्षं झाली, तेव्हापासून नंबर घसरत गेला आणि गेले आठ महिने कल्याण शेवटचा येत होता. माप तेच, मिरची तीच, चूल तीच. चव मात्र अण्णांबरोबर गेली ती गेलीच. आज परत शेवटचा आलो तर गाडा विकायचा आणि चाकणला कंपनीत लागायचं, असं त्यानं बायकोला सांगून टाकलं होतं. गाडा घेणारा उद्या सकाळी येणार होता.

राहीबाईंनी चौथ्या डब्यातला घास खाल्ला. थांबल्या. आणखी एक खाल्ला.

“हे कुनाचं?”

कल्याण दारातून पुढं आला. “आमचं, मावशी. भिमाजीअण्णांचं.”

“न्हाई रं. भिमाजीचं हे न्हवं.”

कुणीतरी चुकचुकलं. कल्याणला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो तसाच बाहेर ओट्यावर जाऊन बसला. जरा वेळानं राहीबाई गुडघ्यावर हात ठेवत त्याच्या मागं आल्या.

“मसाला कुठं कुटतूस?”

“घरी.” त्यानं मान खाली घातली. “अण्णा गेल्यावर मोठा मिक्सर घेतला. अण्णांचं माप बाहेर फुटू नये, म्हणून तुमच्याकडं यायचं बंद केलं.”

राहीबाईंना हसू आवरेना. हसता हसता त्यांनी पदरानं डोळे पुसले.

“अरं येड्या, मापात काय हुतं? चारचौघांसारखंच माप त्याचं. तुझा बाप डंकावर सगळ्यांच्या आधी यायचा अन् सगळ्यांच्या शेवटी कुटायचा. येईल त्याला म्हनायचा, आधी तुमचं होऊ द्या.”

हे कल्याणला ठाऊक होतं. गावालाही ठाऊक होतं. अण्णांच्या दहाव्याला तिघांनी भाषणात हेच सांगितलं होतं, असा नम्र माणूस पुन्हा होणे नाही म्हणून.

“समद्यांचं झालं की कुंचा हातात घ्यायचा. ‘अक्का, तुमी दमला, डंक मी झाडतो.’ उखळाला चिकटलेलं, कडंला उडालेलं, एक कन सोडायचा न्हाई. झाडून गोळा करायचा अन् आपल्या मसाल्यात घालून कुटायचा. सुनीलच्या घरचं, रामहरीचं, पूजाच्या सासऱ्याचं. चिमूट चिमूट समद्यांचं.”

कल्याण आ वासून बघत राहिला. इतकी वर्षं ज्या चवीसाठी लोक रांग लावायचे, ती सगळ्या गावाची होती.

“मावशी, म्हंजे अण्णा चोरी...”

“चोरी कसली? सांडलेलं उचलत हुता. मला दिसत हुतं, मी बोलले न्हाई. एकाचं दुसऱ्याला सांगनार न्हाई, अशी शपथ हाय माझी. बापाचं लेकाला सांगितलं, त्यात काय मोडलं?”

तेवढ्यात आत सगळ्यांचं खाऊन नंबर ठरले आणि सर बाहेर आले. त्यांचा चेहरा पडला होता. “कल्याण, वाईट वाटून घेऊ नकोस, पण...”

“शेवटचा ना, सर? चालतंय की!” कल्याण म्हणाला आणि त्यानं मोबाईल काढून गाडा घेणाऱ्याला ‘येऊ नका’ म्हणून सांगितलं. बिचाऱ्या सरांना काही उलगडेना.

शनिवारी राहीबाईंच्या दारात तिघंही आपापल्या पिशव्या घेऊन बसले होते. कल्याण आलेला बघून सुनीलला त्याची कीव आली. आठ महिन्यांचा हरलेला गडी. तो उठला, डंकापाशी जागा करून देत म्हणाला, “ये कल्याण, तुझं उरकून घे पयलं.”

राहीबाईंनी तोंडाला पदर लावला.

कल्याणनं आपली पिशवी पार मागं कोपऱ्यात ठेवली आणि कुंच्याच्या शेजारी मांडी घातली.

“छे छे, सुनीलभाऊ. आधी तुमचं होऊ द्या.”