पिग्मीचा खाडा

घड्याळवाल्या मुजावरचाचांच्या दुकानाचं शटर खाली होतं आणि शेजारच्या पानवाल्याकडे त्यांनी पैसेही ठेवले नव्हते. पुष्पाने शटर दोनदा वाजवून पाहिलं. पतसंस्थेची पिग्मी, म्हणजे रोजच्या बचतीचे पैसे घ्यायला ती दर संध्याकाळी पेठेत फिरायची. एकट्या चाचांनी आपल्या वीस रुपयांचा खाडा कधी ईदलासुद्धा पडू दिला नव्हता.

"गेले असतील गावाला," पानवाला म्हणाला. "विसाच्या नोटेसाठी एवढा कसला घोर लावून घेतेस?"

"नोट घाल चुलीत! गावाला आहे कोण त्यांचं?" असं म्हणत पुढची दुकानं तशीच टाकून पुष्पाने मागच्या बोळातली त्यांची खोली गाठली. दाराला आतून कडी होती. तिने हाका मारल्या, दार बडवलं. आतून फक्त पंख्याची घरघर येत होती. मग तिने असा काही आरडाओरडा केला की समोरच्या तालमीतले दोघे धावत आले आणि त्यांनी खांदे लावून दार पाडलं.

चाचा फरशीवर पडले होते. तोंड वाकडं झालं होतं, उजवा हात लुळा पडला होता, पण श्वास चालू होता. रिक्षात घालताना त्यांनी पुष्पाला ओळखलं. डावा हात धडपडत सदऱ्याच्या खिशाकडे गेला.

पुष्पाने तो हात घट्ट धरला. "राहू द्या चाचा, आजचे मी भरलेत," ती म्हणाली. "उद्याचे मात्र तुमच्याच हातून घेणार."