शिवेची माती

उकंडरावानं डोक्यावर शिवेची माती घेतली आणि दोन्ही गावं गप्प झाली.

खैरी आणि वडजी, दोन तालुक्यांतली शेजारची गावं. मधला नाला गाळानं बुजलेला, पाणी खैरीच्या उकंडरावाच्या वावरात तुंबायचं. उभी ज्वारी सडून जायची. दोन्ही तालुक्यांचे साहेब म्हणाले, नाला खणा, खर्च वाटून घ्या. खर्चाचं नाव काढताच दोन्ही गावं बहिरी झाली. शेवटी ठरलं, ज्याच्या शिवेत नाला, त्यानंच खणावा.

पण शिवेचे दगड कधीच पुरात गेलेले. मग जुनी रीत काढली. माती डोक्यावर घेऊन खरा माणूस चालेल ती शीव. खोटं चालला तर त्याचा निर्वंश. उकंडराव खोटं चालायचा नाही, हे वडजीवालेही म्हणाले.

निघताना खैरीचे सरपंच किसनराव त्याच्या कानाशी लागले.

"काका, बुजलेला नाला आता तुमच्या वावरातच पसरला. वावराच्या अलीकडून, आपल्या गावाच्या बाजूनं चाला. नाला त्याईच्या गळ्यात पडू द्या. आपल्याकडं राह्यला तं आपलं गाव काई एक पैसा काढत नाही. मंग तुमचं वावर बुडालंच समजा."

खरी शीव नाल्याच्या मधोमध होती. म्हाताऱ्याला ती पक्की माहीत होती. तरी तो वळला आणि आपल्या वावराच्या अलीकडच्या बांधावरून चालत गेला. नाला वडजीत गेला, सोबत वावरही.

वडजीचे सरपंच शंकरराव हुज्जत घालतील असं वाटलं होतं. त्यांनी नुसती मान हलवली.

"मान्य हाय. आमी खणतो."

घरी रुखमाबाई, त्याची बायको, ऊर बडवून रडली. "लेकराबाळाचा तरी इचार करा लागत होता! काऊन केलं असं?"

"वावर जगलं पाह्यजे वं," एवढंच तो म्हणाला. त्या रात्री त्याला भाकर गेली नाही.

उन्हाळ्यात वडजीवाल्यांनी खरंच कुदळी घेतल्या. उकंडराव रोज बघायला जाई. चर चांगला खोल येत होता. त्याला जरा बरं वाटू लागलं होतं. चर त्याच्या वावराशी आला आणि माणसं बांध फोडू लागली.

"अरे, पुढं न्या ना! इथंच काऊन सोडून राह्यले?"

शंकररावांनी त्याला हात धरून बाजूला घेतलं. आवाज मऊच होता.

"पुढं खैरीचं शिवार, काका. दुसऱ्या गावच्या शिवारात पाणी सोडता येत नाही. साऱ्या वडजीचं पाणी आमाले आमच्याच हद्दीत जिरवा लागते. अन् आमच्या हद्दीतलं शेवटचं वावर तुमचं हाय, हे तुमीच तं चालून दाखवलं."