खिडकीपलीकडचं मशीन

सिद्धारामनं दोऱ्यात ओवलेली, भोकं पाडलेली अठरा कार्डं खिडकीतून आत सरकवली आणि सगळा वर्ग हसला.

"ओ मामू, चादर इणायची हाय का?" चांदसाब म्हणाला. "कार्डं सुटी द्यायची असत्यात. दोरा गुतला तर मशीन मरंल की!"

"सुटी दिली आन् उलटीपालटी झाली तर? वीस वर्सं ओवूनच दिलीत मी."

आबासाहेब सरांनी कपाळाला हात लावला. पण पार्टिशनमागची घरघर थांबली नाही. चार वाजता कार्डं खिडकीतून बाहेर आली. दोरा जसाच्या तसा, आणि सोबत टाइप केलेली चिठ्ठी : 'काम संपतच नाही. थांबायचं कधी, ते लिहा.'

"बघा, केवढं प्रगत मशीन आहे!" सर घाम पुसत म्हणाले.

चौऱ्याहत्तर साली सोलापुरात कॉम्प्युटरचा क्लास होता, हे आज कुणाला सांगून पटत नाही. पण होता. नवी पेठेत, टायपिंग क्लासच्या माडीवर. पहिला महिना मशीनशिवायच गेला. विद्यार्थी गळायला लागले, तेव्हा एका सोमवारी अर्ध्या खोलीत प्लायवूडचं पार्टिशन उभं राहिलं, त्याला खिडकी पडली आणि आतून घरघर ऐकू यायला लागली. मशीन कधी आलं, कुणी जिना चढवलं, कुणी पाहिलं नाही. धूळ सोसत नाही म्हणून आत जायला बंदी.

चूक सिद्धारामची नव्हती, सवयीची होती. चादरीच्या कारखान्यात तो जकार्ड मागाची कार्डं तोडायचा, म्हणजे नक्षीप्रमाणे पुठ्ठ्याला भोकं पाडायचा. भोकाप्रमाणे माग फूल विणतो, आणि कार्डांची माळ गोल फिरत राहते. फुलामागून फूल. त्या माळेला थांब म्हणून सांगायची वेळ त्याच्यावर कधी आलीच नव्हती. तो तोडायचा, त्याची बायको रंभाबाई ओवायची. मग कारखान्याला टाळं लागलं. ती विड्या वळायला लागली आणि तो बेचाळिसाव्या वर्षी वही घेऊन पोरांच्या शेजारी बसला.

वर्ग संपला की पुण्याचा एक कारखाना परीक्षा घेणार होता. जागा एकच. ती हुकली तर सिद्धारामपुढं हमालीशिवाय काही नव्हतं.

घरी तो मोठ्यानं पाठ करायचा. "ए म्हंजे बारा आन् एक. बी म्हंजे बारा आन् दोन."

"भोकंच न्हवं का ही?" रंभाबाई पान कातरता कातरता त्याच्या वहीत डोकावून विचारायची.

"भोकंच. पर ह्या भोकातनं फूल न्हाय, इचार निघतोय."

मशीन आल्यापासून तर त्याच्या तोंडात दुसरा विषय नव्हता. "रंभे, काय डोस्कं हाय गं त्याचं! आज धाडलेल्या समद्यांच्या चुका काढल्या. राग न्हाय, कंटाळा न्हाय. चांदसाबला एकदा माघारी धाडलं, मला चारदा. वळख-पाळख कायबी बघत न्हाय."

"चारदा? मग वाईट न्हाय वाटलं?"

"वाईट कशाचं? असा गुरू मिळाया नशीब लागतंय."

"माझं येवढं कौतुक कवा केलं न्हाय तुमी."

"तू काय मशीन हायस व्हय?"

ती हसली आणि सुपातल्या विड्या मोजायला लागली.

महिनाभरात फक्त एक दिवस मशीन बंद राहिलं. त्याच दिवशी सिद्धाराम बायकोला घेऊन अक्कलकोटला मेहुणीच्या बाळाच्या बारशाला गेला होता, त्यामुळं त्याचं काही बुडालं नाही.

हळूहळू चिठ्ठ्या आखूड होत गेल्या. आधी पाच चुका, मग दोन. एका बुधवारी चिठ्ठीवर एकच शब्द आला : 'बरोबर.' सिद्धारामनं ती घडी करून टोपीत ठेवली आणि चाटी गल्लीतून घरी येईपर्यंत तीनदा काढून वाचली.

परीक्षेला पुण्याचे साहेब स्वतः आले. चष्मा, सुटकेस, बोलणं कमी. सहा उमेदवार, सगळ्यांना गणित एकच : कापडाच्या चाळीस ताग्यांची लांबी दिली आहे, सगळ्यांत लांब तागा मशीननं शोधून काढावा आणि थांबावं.

सहा गठ्ठे खिडकीतून आत गेले. घरघर चालू होती. तासाभरानं सहा चिठ्ठ्या बाहेर आल्या. साहेबांनी त्या ओळीनं मांडल्या. पाचांवर चूक कुठं झाली ते लिहिलं होतं. सहाव्या चिठ्ठीवर फक्त उत्तर होतं.

"हे कुणाचं?"

"माझं," सिद्धाराम उठून उभा राहिला.

"मामूनं मारली बाजी!" चांदसाबनं त्याला मिठीच मारली.

साहेब मात्र बाकीच्या पाच चिठ्ठ्यांकडं बघत होते. "सर, आमचं पुण्याचं मशीन चूक झाली एवढंच सांगतं. का झाली, ते सांगत नाही. तुमचं सांगतं. मला ते बघायचंय."

"धूळ, साहेब... धूळ चालत नाही त्याला," आबासाहेब सर म्हणाले.

"बूट काढतो."

साहेब आत गेले. घरघर एकदम बंद पडली. सिद्धाराम मनातल्या मनात सिद्धेश्वराला साकडं घालत होता : मशीनला काही होऊ नये. ते बिघडलं तर त्याचं बरोबर आलेलं उत्तरसुद्धा कोण मानणार?

पंधरा मिनिटांनी साहेब बाहेर आले. चष्मा हातात होता.

"मला माणूस मिळाला," ते म्हणाले.

सिद्धाराम हात जोडून पुढं झाला.

"तुमचं उत्तर बरोबर आहे. पण सहा जणांची कार्डं नुसत्या डोळ्यांनी तासाभरात वाचणारं डोकं मी सोडून जाणार नाही." साहेबांनी पार्टिशनचं दार उघडून धरलं. आत घरघरणारा एक जुना पंखा आणि टाइपरायटर, एवढंच होतं. "या, बाहेर या."

डोक्यावरचा पदर सारखा करत रंभाबाई बाहेर आली.

"आवं, पुण्याला या म्हणत्यात मला," ती म्हणाली. "तुमी येताय न्हवं?"