नुसती उसण

बादलीतली भिजलेली गोधडी उचलायला हेमलता वाकली आणि कमरेत अशी चमक भरली, की तिला सरळच होता येईना.

"उसण भरली असेल, शेक घे," नवरा दिगंबर म्हणाला. काही वर्षांपूर्वी तिच्या स्तनातली कॅन्सरची गाठ काढली होती. तो आजार पुढे हाडांत उतरू शकतो, हे तिला ठाऊक होतं. त्यालाही ठाऊक होतं. शेकाची पिशवी भरून देताच त्यानं दुसऱ्या दिवशीची दवाखान्याची वेळ घेतली.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी पाठ दाबून, पाय उचलून पाहिले. "रात्री दुखून जाग येते? पायाला मुंग्या? लघवीला त्रास?" यातलं काहीच नव्हतं. "बहुतेक स्नायूच आखडलाय. पण आधी तुमची गाठ निघालेली, म्हणून एमआरआय करून खात्री करू."

रिपोर्ट वाचून डॉक्टरीणबाई हसल्या. "हाडं स्वच्छ आहेत. ओलं वजन कमरेतून वाकून उचललंत, त्यानं स्नायू दुखावलाय. अंथरूण धरू नका, थोडं थोडं चालत राहा. काही आठवड्यांत मोकळ्या व्हाल."

परतताना रिक्षा खड्ड्यात आदळली. "आई गं, मेले!" हेमलता मोठ्यानं कळवळली. दुखायला लागल्यापासून तिनं हूं की चूं केलं नव्हतं. दिगंबरनं दचकून पाहिलं, तर ती डोळे पुसत हसत होती.

"अहो, फार दुखतंय हो," ती म्हणाली. "रिक्षा जरा हळू घ्यायला सांगा ना."