साडेपाचचा दिवा

गॅलरीतला नवा बल्ब भराभर डोळे मिचकावत होता. केतकी स्टुलावरून खाली उतरली आणि मोबाइलमध्ये डोकं घालून उभी राहिली.

"बाबा, टेन्शन नक्को. तो वायफाय शोधतोय. एक मिनिट."

केशवरावांनी टेन्शन घेतलं होतं, पण ते वायफायचं नव्हतं.

"सापडला!" बल्ब मिचकावायचा थांबला आणि शांतपणे जळू लागला. "आपल्या घरातली पहिली स्मार्ट वस्तू. नाव काय देऊ याला?" त्यांनी तोंड उघडायच्या आत तिने 'बाबा' असं लिहूनही टाकलं. पडद्यावर अक्षरं उमटली : बाबा – चालू.

"आता रोज पहाटे साडेपाचला हा आपला आपण लागेल, सातला विझेल. नेट असलं की झालं. तुम्ही पांघरुणातून पाय बाहेर काढायचा नाही. या गुडघ्यांनी अंधारात बटणापर्यंत बारा पावलं जायचं, पडलात-बिडलात तर? आणि दिवा लावून परत झोपताच ना तुम्ही? मग लावता कशाला?"

"सवय," केशवराव म्हणाले.

सवय नव्हती ती, करार होता. चिक्कडपल्लीच्या त्या गल्लीत अगदी समोर, पहिल्याच मजल्यावर, उमाजी राहत. मलकपेठच्या बाजारात चाळीस वर्षं धान्याचं दुकान चालवलेला माणूस. आता केशवरावांसारखाच एकटा. तीन वर्षांपूर्वी मागच्या गल्लीतले एक पेन्शनर गेले, ते लोकांना कळलं दारात दुधाची तीन पाकिटं साठल्यावर. त्याच संध्याकाळी दोघांनी ठरवून टाकलं. रोज पहाटे साडेपाचला ज्याने त्याने आपल्या गॅलरीतला दिवा लावायचा. दिवा दिसला, म्हणजे माणूस आहे. पाच मिनिटांत दिसला नाही, तर किल्ली घेऊन धावायचं. तेव्हापासून दोघांच्याही दाराशी, खिळ्याला, समोरच्या घराची किल्ली टांगलेली होती.

हे केतकीला सांगायची सोय नव्हती. बाबांच्या मनात असं काही येतं एवढं कळलं असतं, तरी तिने उभ्या उभ्या बॅग भरून त्यांना कोंडापूरला, आपल्या बाराव्या मजल्यावर नेलं असतं. तिथे लिफ्ट होती, बाग होती, पोहायचा तलावही होता. समोर उमाजी नव्हते. तेव्हा केशवरावांनी निमूटपणे बल्ब बसवून घेतला.

पस्तीस वर्षं शाळेत भौतिकशास्त्र शिकवलेल्या माणसाला त्यातली खोट पहिल्याच पहाटे दिसली. दिवा अगदी वेळेवर लागला. पण तो आता केशवरावांची बातमी देत नव्हता. उद्या ते गेले असते, तरी 'बाबा' चालूच राहिला असता.

उमाजींना सांगायला हवं होतं. पण दिवस जानेवारीचे होते आणि पांघरूण उबदार होतं. साडेपाचला डोळे आपोआप उघडत, पलंगावरूनच खिडकीतून समोरचा दिवा दिसे, आणि ते कूस बदलत. वर उमाजींचं कौतुकही वाटे. पूर्वी त्यांचा दिवा दोन-चार मिनिटं मागेपुढे लागायचा. दसऱ्याला मुलगा हर्षवर्धन चार दिवस राहून गेला, तेव्हापासून अगदी काट्यावर काटा. या वयात एक माणूस स्वतःला अशी शिस्त लावून घेतो आणि आपण त्याला फसवतो! रोज संध्याकाळच्या चहाला कबुली ओठांपर्यंत येई आणि उस्मानिया बिस्किटाबरोबर पोटात परत जाई.

अकराव्या पहाटे समोर अंधार होता.

केशवराव उठून बसले. पाच एकतीस. बत्तीस. रस्त्यावरच्या खांबाचा दिवा जळत होता, म्हणजे वीज होती. तेहेतीस. काल उमाजींनी दुसरा कप नको म्हटलं होतं. कधी नको म्हणत नाहीत. मग काल का म्हणाले? चौतीस. आपण विचारलंसुद्धा नाही.

पस्तीसची वाट त्यांनी पाहिली नाही. चपला राहिल्या, शाल राहिली. किल्ली तेवढी हातात होती. ज्या गुडघ्यांना बारा पावलं जड जात होती, ते एकवीस पायऱ्या कठड्याला हात न लावता उतरले.

गल्लीच्या मधोमध ते कुणावर तरी आदळले. बनियन, लुंगी, अनवाणी पाय, आणि मुठीत किल्ली. उमाजी!

"मास्तर! जीवच घेतलाय की माझा!" उमाजी धापा टाकत ओरडले. "दिवा का नाही लावला?"

"तुम्ही का नाही लावलात?" केशवरावही त्याच दमात ओरडले.

दूधवाल्याने सायकलवरून एक पाय खाली टेकला आणि म्हाताऱ्यांचं भांडण ऐकायला थांबला. पण भांडण पुढे सरकेना. दोघं एकमेकांचे दंड धरून उभे होते, आणि कुणीच सोडत नव्हतं. मग दोघांनी एकदमच माना वर केल्या. या बाजूची गॅलरी काळोखात होती. त्या बाजूचीही.

दूधवाला कंटाळून निघून गेला.

शेवटी उमाजींनी घसा खाकरला. खांबाच्या दिव्याकडे पाहत ते हलक्या आवाजात म्हणाले,

"मास्तर, तुमच्याकडं बी नेट गेलंय का?"