दुपारच्या खेळाचा शेवट

पडदा काळा झाला, दिवे लागले, तरी बराच वेळ कोणी उठलं नाही. मग मागच्या रांगेतून कोणीतरी विचारलं, "झालं?"

मॅनेजर नेहमीसारखा बाहेरच्या दाराशी उभा होता. गेल्या कित्येक वर्षांत त्याने एकही पिक्चर पाहिलं नव्हतं. बाहेर पडणाऱ्यांचे चेहरे बघायचे आणि पिक्चर किती आठवडे चालेल ते मालकाला सांगायचं, ही त्याची पद्धत. शितावरून भाताची परीक्षा होते, अख्खं पातेलं कशाला चाखायचं, असं तो म्हणे.

आज मात्र त्याची नजर दारावरून हलत नव्हती. हे पिक्चर पडलं तर थिएटरचं गोदाम करणार, असं मालकाने बजावलं होतं. मग या वयात त्याला कोण दारात उभं करणार होतं? म्हणून तर लेक खूप दिवसांनी माहेरी आली असूनही तो शेवटच्या खेळापर्यंत थांबणार होता. 'दुपारीच या ना, बाबा,' असं तो घरून निघताना ती म्हणाली होती. उद्या नक्की, असं सांगून त्याने वेळ मारून नेली.

पहिले बाहेर आले ते निवृत्त मास्तर. नव्या पिक्चरचा पहिला खेळ त्यांनी कधी चुकवला नव्हता. त्यांचा चेहरा पडला होता.

"अहो, अणुबॉम्ब घेऊन क्षेपणास्त्र निघालंय. कोणी सोडलं ते ठाऊक नाही. राष्ट्रप्रमुख फोन उचलतो, बोलायला तोंड उघडतो, आणि अंधार. आमचा जीव टांगणीला लावून हा दिग्दर्शक गेला कुठे?"

त्यांच्या मागून कोपऱ्यावरचा न्हावी आला. शेवट सुचला नाही की अंधार करायचा, नाचता येईना अंगण वाकडं, असं तो सगळ्यांना ऐकवत होता. "मी अर्धी दाढी करून गिऱ्हाईक रस्त्यावर सोडलं तर चालेल का?" लोक हसले, पण ते हसू फार टिकलं नाही.

तान्ह्या मुलाला खांद्यावर घेतलेली बाई तेवढी खूश होती. लवकर संपलं ते बरं झालं, नाहीतर हा उठलाच असता, असं ती म्हणाली. एका कॉलेजच्या मुलीने शेवटी नावंसुद्धा दाखवली नाहीत, अशी तक्रार केली. हल्ली तशीच फॅशन आहे, असं मॅनेजरने ठोकून दिलं. फोन लागत नाहीत म्हणून दोघातिघांनी थिएटरच्या जाड भिंतींना नावं ठेवली.

एवढी तोंडं गावभर गेली तर संध्याकाळच्या खेळाला काळं कुत्रं फिरकणार नाही, हे मॅनेजरला कळत होतं. काहीतरी बोलायलाच हवं होतं.

"मास्तर, हे पिक्चर इथे संपतच नाही," तो म्हणाला. "घरी जायचं, आपल्या माणसांत बसायचं आणि शेवट तिथे करायचा. दिग्दर्शकाचं तेच म्हणणं आहे."

दिग्दर्शकाचं नावही त्याला माहीत नव्हतं. पण मास्तरांनी चष्मा काढून पुसला. बायको सकाळपासून कण्हत होती आणि आपण तिला एकटी टाकून आलो, असं ते पुटपुटले आणि भराभर पायऱ्या उतरले. न्हावी आज दुकान उघडणार नव्हता. येताना एकमेकांशी न बोलणारं एक जोडपं जाताना हात धरून गेलं. बाहेर लख्ख ऊन होतं आणि माणसं मयताहून परतावीत तशी मान खाली घालून घराकडे चालली होती.

पिक्चर चालणार. मॅनेजरचा जीव भांड्यात पडला.

तेवढ्यात मक्याच्या लाह्या विकणाऱ्या मावशीने त्याला आणखी एक बातमी दिली. खेळ चालू असताना वरच्या केबिनमधला फोन वाजला होता. ऑपरेटरबाईंच्या मुलाचा होता म्हणे.

मॅनेजरला खरंच आनंद झाला. पिक्चर लावणाऱ्या या बाईंचं मुलाखेरीज कोणी नव्हतं. तो सैन्यात होता. कुठल्याशा डोंगराखालच्या खोलीत बसून आभाळातून काय येतंय ते रडारवर बघायचं, हे त्याचं काम. मायलेकरं दोघंही पडद्यावर पोट भरतो, असं बाई म्हणत. माझ्या पडद्यावर काही दिसलं नाही तर लोक ओरडतात, त्याच्या पडद्यावर काही दिसलं तर. ड्युटीवरून फोन करायला बंदी, त्यामुळे सुटी मिळाली की मगच त्याचा फोन यायचा. गेले कित्येक आठवडे तो आला नव्हता आणि बाईंची अन्नावरची वासनाच उडाली होती.

मॅनेजर दोन चहा घेऊन वर गेला.

बाई फोनशेजारी बसल्या होत्या. रात्री घालतात तसं मशीनवर कापड घातलेलं होतं. बाजूच्या छोट्या पडद्यावर मात्र एक माणूस कानाला फोन लावून, तोंड उघडं ठेवून थिजला होता.

"सुटी मिळाली वाटतं पोराला," मॅनेजर म्हणाला. मग त्याचं लक्ष त्या पडद्याकडे गेलं. "हे काय, चालूच आहे अजून?"

"बंद केलं मी. अर्धा तास बाकी होता."

"बाई, पिक्चर मध्येच बंद केलंत?"

"ड्युटीवरून फोन होता त्याचा." बाईंचा आवाज अगदी शांत होता. "एवढंच म्हणाला, आई, घरी जा, आणि जमेल तेवढ्यांना घरी पाठव."

"मग तुम्ही?" मॅनेजरने विचारलं.

"मी इथेच बसते. त्याला हाच नंबर पाठ आहे." त्यांनी त्याच्या हातातले कप काढून घेतले. "तुमची लेक आलीय ना, साहेब?"