मोडलेले दोन स्टड

व्हॅनची पुढची सीट उचलून गोरक्षने अंगणात ठेवली आणि तिच्याकडे पाठ करून बसला. दहा महिन्यांपूर्वी याच सीटवर त्याचा थोरला भाऊ सूर्यभान सकाळी मेलेला सापडला होता.

इंजिन सीटखालीच. त्याचा धूर बाहेर नेणारा मॅनिफोल्ड ज्या स्टडांवर, म्हणजे आट्यांच्या दांड्यांवर, नटांनी आवळून बसतो, त्यांतले दोन मुळाशी मोडलेले. सूर्यभान रात्री पिऊन आला, घरच्या शेडमध्ये इंजिन चालू ठेवून गाडीतच झोपला आणि सैल सांध्यातून धुराचा विषारी गॅस आत शिरला. सकाळी शेडची दारं सताड उघडी दिसली, म्हणजे धूर शेडमध्ये कोंडला नव्हता, तेव्हा दुसरं कारण नव्हतंच. पोलिसांनी तसंच लिहिलं. आठ दिवस आधी ते स्टड धाकट्या भावाने, गोरक्षनेच, आवळले होते, हे मात्र कुणी लिहिलं नाही. लिहिलं असतं तर बरं झालं असतं, असं गोरक्षला वाटे.

त्याने स्वतःच्या गॅरेजला कुलूप घातलं आणि राहुरीत खताच्या दुकानात नोकरी धरली. पण हात काही ऐकेना. झोपेतसुद्धा मनगट वळायचं आणि ती शेवटची पाव फेरी द्यायचं. कानाशी दादाचा आवाज यायचा, "अजून आवळ की रं." बायको, चांगुणा, त्याचा हात धरून बसायची. शेवटी न राहवून तिने ते जावेच्या, सूर्यभानच्या बायकोच्या, कानावर घातलं.

चारच दिवसांत जावेचा निरोप आला, व्हॅन नीट करून द्या.

"दुसरा मिस्त्री बघा ना, वहिनी."

"दुसरा नगं. ते मोडके स्टड तुमीच काढा," सविता म्हणाली होती. "लेकीला चालवायची हाय."

शिक्षा असेल तर भोगू, म्हणून तो देवळालीला दादाच्या घरी आला.

सविता आता ओट्यावर बसून बघत होती. तिच्याशी उजवीकडून बोलावं लागे. मागे न्हाणीत पाय घसरून पडली, असं दादा सांगायचा, तेव्हापासून डावा कान गेला होता. आत तिची लेक धनश्री मोबाईलवर मैत्रिणीशी खिदळत होती. दादा असताना हे घर कसं शिस्तीत असायचं, असं गोरक्षच्या मनात आलं. दादा तापट, पण मनाने साफ, असं सगळेच म्हणत.

त्याने मोडक्या तुकड्यावर नट ठेवून वेल्डिंगचा टाका मारला. लोखंड निवू दिलं. मग पाना लावून कणभर पुढे, कणभर मागे. घाई केली की उरलंसुरलंही मोडतं. दहा महिन्यांनी हाताला काम मिळालं होतं. कुईं करून पहिला तुकडा फिरला. तासाभराने दुसराही निघाला.

"निघालं का, भावजी?"

"व्हय."

"नीट बघा. घाई करू नगा."

त्याने मॅनिफोल्ड ओढून बाजूला केला, सांधा फडक्याने पुसला आणि फडक्याकडे बघतच राहिला. फडकं कोरं होतं. त्याने सांध्यातलं पॅकिंग उन्हात धरलं. कडा जशीच्या तशी, करडी. स्टडांच्या मोडलेल्या कडांवर नुसता तांबूस गंज. काजळी कुठेच नाही.

चालू इंजिनात सांधा सुटला, तर धूर रात्रभरात सगळं काळं करून टाकतो. हे त्याच्याइतकं कुणाला माहीत?

"वहिनी!" तो ओरडलाच. डोळ्यांना धार लागली होती आणि तो हसतही होता. "हितनं धूर गेलाच न्हाई! इंजिन चालू असताना हे स्टड शाबूत हुते. दादा गेल्यावर कुणीतरी पाना घालून मोडलेत. माझ्या हातनं न्हाई गेला गं दादा!"

सविताने मान हलवली. तिला नवल वाटलेलं दिसलं नाही.

"आता झोपा सुखानं," ती म्हणाली.

गोरक्षने डोळे पुसले आणि मग त्याचं हसू हळूहळू थांबलं. तो उठून तिच्या उजव्या बाजूला येऊन उभा राहिला.

"पण मग गॅस साचला कसा, वहिनी? दारं तर उघडी हुती."

सविताने आत धनश्रीकडे एकदा पाहिलं.

"न्हवती उघडी. पहाटं उघडली. रातभर बाहेरनं कडी घातलेली हुती, मीच."